‘लावणे’ला इंग्रजीत काय म्हणाल?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ची पत्रके दारात पडू लागतात. मग मुलांच्या हाती बारा काळांचा तक्ता येतो, तो पाठही होतो, आणि शाळा उघडल्यावर वहीत पुन्हा तेच वाक्य उतरते : ‘वी आर सेलिब्रेटिंग दिवाली एव्हरी इयर.’ तक्ता येत असूनही चूक होते, कारण ती तक्त्यातून आलेलीच नसते. ‘आम्ही दरवर्षी दिवाळी साजरी करत असतो’ हे घरचे वाक्य तिच्या पोटात बसलेले असते. मराठीत ‘करत असतो’ सवयीला चालते. इंग्रजीत सवय, रीत, परंपरा यांना साधा वर्तमानकाळ लागतो, ‘वी सेलिब्रेट’. आयएनजीचे रूप या क्षणी चाललेल्या, तात्पुरत्या किंवा आधीच ठरून गेलेल्या गोष्टीसाठी ठेवलेले आहे.

इंग्रजी व्याकरण शिकवायला आपले सणवार, घरच्या रीती आणि हातातला मोबाइल पुरेसे आहेत, असे आम्हाला वाटते. ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’चा निबंध घोकून मात्र काही साधत नाही. मूल मनात जे मराठी वाक्य धरून बसले आहे ते समोर मांडायचे आणि त्याचा कोणता सांधा इंग्रजीत तसाच बसत नाही, ते दाखवायचे. त्याचे तपशील मराठी पालकांना उपयोगी पडतील म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

सुरुवात ‘लावणे’पासून करावी. दिवाळीच्या संध्याकाळी एका घरात हे क्रियापद किती वेळा ऐकू येते ते मोजून पाहा. दिवा लाव, तोरण लाव, कपाळाला गंध लाव, पंखा लाव, आजीला फोन लाव, मोबाइल चार्जिंगला लाव, पहाटेचा गजर लाव, बाहेर फटाके वाजताहेत तर दार लाव. मुलाला ‘लावणे म्हणजे अप्लाय’ किंवा ‘लावणे म्हणजे पुट’ असे पाठ असते, त्यामुळे ‘पुट द लॅम्प’ होते, ‘पुट द अलार्म’ होते. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळे क्रियापद आहे. लाइट द लॅम्प, हँग द तोरण, अप्लाय गंध, स्विच ऑन द फॅन, कॉल आजी, प्लग इन द फोन, सेट द अलार्म, शट द डोअर. रस्त्यावरच्या हिंदीचीही इथे मदत होत नाही, कारण ‘लगाना’चा संसार ‘लावणे’इतकाच मोठा. म्हणून सुटे शब्द पाठ करण्याऐवजी जोड्या पाठ कराव्यात, नाम आणि त्याला चिकटणारे क्रियापद. रांगोळी आपण घालतो किंवा काढतो, इंग्रजीत ‘ड्रॉ’. पूजा करतो, ‘परफॉर्म’. उपवास धरतो, ‘कीप’ किंवा ‘ऑब्झर्व्ह’. गणपती बसवतो, तिथे ‘मेक गणपती सिट’ ऐकून हसू येते खरे, पण मुलाने मराठी अगदी प्रामाणिकपणे उलथवलेली असते. तिथे ‘इन्स्टॉल’ चालते. गंमत म्हणजे मोबाइलमुळे हा शब्द मुलांना आधीच माहीत असतो, तो गणपतीलाही चालतो हे कोणी सांगितलेले नसते.

‘आजीला फोन लाव’मधला ‘ला’ हा त्याहून मोठा घोटाळा करतो. शब्दयोगी अव्ययांचा धडा ‘इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर’ असा सुरू होतो आणि तिथेच फसतो, कारण सण सांगताना आपण आत-वर म्हणत नाही, ‘ला’ म्हणतो. सहाला ये : ‘अ‍ॅट सिक्स’. पाडव्याला ये : ‘ऑन पाडवा’. दिवाळीला ये, म्हणजे त्या चार-पाच दिवसांत कधीही : ‘अ‍ॅट दिवाली’. इंदूरला राहतो : ‘इन इंदोर’. इंदूरला जातो : ‘टु इंदोर’. कापड काठीला बांधतो : ‘टाय द क्लॉथ टु द स्टिक’. आणि आजीला विचारतो, आजीला सांगतो, आजीला फोन करतो, इथे तर काहीच नाही : ‘आस्क आजी’, ‘टेल आजी’, ‘कॉल आजी’. ‘टेल टु आजी’ ही चूक आपल्याकडे पदवीधरांच्याही तोंडी असते, कारण मराठीतला ‘ला’ गिळायला जीभ तयार होत नाही.

यावर भिंतीवरचे कॅलेंडर उत्तम चालते. साल आणि महिना यांवर बोट ठेवले की ‘इन’. एका चौकटीवर, म्हणजे तारीख, वार, तिथी किंवा एका दिवसाचा सण यांवर बोट ठेवले की ‘ऑन’. घड्याळाकडे बोट गेले की ‘अ‍ॅट’. इथवर मुले दोन दिवसांत येतात. गाडी पुढे अडते. सकाळी म्हणजे ‘इन द मॉर्निंग’, पण नरकचतुर्दशीच्या सकाळी म्हणजे ‘ऑन नरकचतुर्दशी मॉर्निंग’, कारण सकाळ एका ठरावीक चौकटीत जाऊन बसली. दुसरे म्हणजे नेक्स्ट, लास्ट, धिस आणि एव्हरी हे शब्द आले की अव्यय गळते : ‘ऑन नेक्स्ट पाडवा’ चूक, ‘नेक्स्ट पाडवा’ बरोबर. शनिवार-रविवारच्या सुट्टीला ब्रिटिश ‘अ‍ॅट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. दोन्ही चालतात; परीक्षेत एकाच उत्तरात दोन्ही मिसळू नयेत, इतकेच.

‘पर्यंत’चीही अशीच कथा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते : ‘फ्रॉम संक्रांत अनटिल रथसप्तमी’. रथसप्तमीपर्यंत सगळी घरे उरकायची आहेत : ‘बाय रथसप्तमी’. पहिल्यात क्रिया त्या दिवसापर्यंत चालूच राहते, दुसऱ्यात त्या दिवसाच्या आत कधीतरी एकदा संपते. हा भेद मुलांना कुरिअरच्या मेसेजवरून चटकन कळतो : ‘विल बी डिलिव्हर्ड बाय एट पीएम’. पार्सल आठ वाजेपर्यंत सारखे येत राहणार नाही, ते एकदाच येणार. ‘आठपर्यंत घरी थांब’ म्हटले तर मात्र ‘अनटिल’.

‘पासून’मध्ये चूक जोडीने येते. ‘गणपती दहा दिवसांपासून आमच्याकडे आहेत’चे ‘गणपती इज अ‍ॅट अवर होम सिन्स टेन डेज’ होते. दहा दिवस हा कालावधी आहे, तिथे ‘फॉर’. सुरुवातीची वेळ सांगितली तर ‘सिन्स’, जसे ‘सिन्स चतुर्थी’. आणि तेव्हा सुरू झालेली स्थिती आजही आहे, म्हणून ‘इज’च्या जागी ‘हॅज बीन’. मराठीला नुसता ‘आहेत’ पुरतो, इंग्रजीला पुरत नाही. याच्या उलटी चूक ‘आय हॅव ईटन पुरणपोळी यस्टरडे’ ही. काल, परवा, गेल्या पाडव्याला, असा संपलेल्या वेळेचा शब्द आला की ‘हॅव’ निघून जाते : ‘आय एट’.

स्वयंपाकघर तर व्याकरणाची प्रयोगशाळाच आहे. उकडीच्या मोदकाची कृती घ्या. एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. उकळी आली की आच मंद करून एक वाटी तांदळाची पिठी घालायची, ढवळायचे, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे वाफ आणायची, गरम असतानाच मळायचे, पारी करून सारण भरायचे, कळ्या पाडायच्या, दहा-बारा मिनिटे उकडायचे. इंग्रजीत लिहिताना यात कर्ता लागत नाही : बॉइल, अ‍ॅड, स्टर, कव्हर, नीड, फिल, प्लीट, स्टीम. दहा वाक्यांत आज्ञार्थ पक्का होतो. मग शेवटची सूचना येते, ‘जोपर्यंत मोदक चकचकीत होत नाहीत तोपर्यंत वाफवा’, आणि हमखास ‘अनटिल दे डोन्ट बिकम ग्लॉसी’ लिहिले जाते. ‘अनटिल’च्या पोटात नकार आधीच आहे. त्यात आणखी ‘डोन्ट’ घातला की अर्थ फिरतो. मोदकांची चकाकी जाईपर्यंत उकडत बसा, असे काहीतरी होते. बरोबर वाक्य ‘अनटिल दे टर्न ग्लॉसी’. हिंदीच्या ‘जब तक नहीं’नेही हाच सापळा लावलेला असल्याने इंदूरच्या मुलांना तो दोन्हीकडून लागतो.

याच कृतीत मोजता येणारी आणि न येणारी नामेही मिळतात. तांदूळ, पिठी, पाणी, गूळ, तूप यांना ‘अ’ लागत नाही, त्यांना वाटी किंवा चमचा हवा. मोदक एक, दोन, एकवीस. नारळ सर्वांत मजेशीर : अख्खा असेपर्यंत ‘अ कोकोनट’, खवला की ‘सम कोकोनट’. एकाच वस्तूचे व्याकरण खवणीवर बदलते.

संकेतार्थासाठी, म्हणजे जर-तरच्या वाक्यांसाठी, मोदकापेक्षा चकली बरी, कारण ती बिघडते. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरते. तेल पुरेसे तापलेले नसेल तर ती तेल पिते. फार तापलेले असेल तर वरून लाल होते, आतून मऊ राहते. ही नेहमीची सत्ये, म्हणून दोन्ही बाजूंना साधा वर्तमानकाळ : ‘इफ द ऑइल इज नॉट हॉट इनफ, द चकली सोक्स इट अप.’ आपण ‘मोहन जास्त घालशील तर मोडेल’ म्हणतो, त्यामुळे मुले ‘इफ यू विल अ‍ॅड’ लिहितात. इफच्या बाजूला ‘विल’ नको, पलीकडे चालेल. कढई लहान आहे, मोठी असती तर लवकर उरकले असते : ‘इफ वी हॅड अ बिगर कढई, वी वुड फिनिश सूनर.’ आणि घाणा वाया गेल्यावरचे : ‘इफ वी हॅड हीटेड द ऑइल प्रॉपर्ली, द चकलीज वुड हॅव बीन क्रिस्प.’ ही तिन्ही वाक्ये एका दुपारच्या एका कढईतून निघतात. पुस्तकातल्या ‘इफ आय वेअर अ किंग’पेक्षा ती लवकर पटतात, कारण राजा कोणी होत नाही, चकली मात्र सगळ्यांची मोडते.

आता कर्मणी प्रयोग, म्हणजे पॅसिव्ह. ‘राम इट्स अ मँगो’चे ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ करून मुलांना वाटते की ही वाक्याची कोलांटउडी आहे आणि ती फक्त परीक्षेत मारायची असते. पॅसिव्ह का लागतो ते व्हॉट्सअ‍ॅप दाखवते. दुसऱ्याने मेसेज पुसला तर दिसते ‘धिस मेसेज वॉज डिलीटेड’. स्वतः पुसला तर ‘यू डिलीटेड धिस मेसेज’. कोणी केले ते ठळक सांगायचे असेल तर कर्तरी, काय झाले एवढेच सांगायचे असेल तर कर्मणी. बँकेचा मेसेज ‘हॅज बीन क्रेडिटेड’ म्हणतो. जमा करणारा कारकून की यंत्र, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, रक्कम आली याच्याशी आहे. रेल्वे स्टेशनवरचे ‘द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड’ हे तर पॅसिव्हचे अस्सल सरकारी रूप. गैरसोय कोणी केली आणि खेद कोणाला झाला, हे दोन्ही कर्ते एका वाक्यात गायब. शिवाय त्यातले ‘कॉज्ड’ हे क्रियापद नसून विशेषणाचे काम करते, हेही दाखवता येते.

ही जाण वेगळ्या कारणानेही हवी. ‘युअर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे’ असा मेसेज आला की मुलांना विचारावे, ब्लॉक कोण करणार? कर्ता लपवून धाक घालणारे वाक्य ओळखता आले पाहिजे. मात्र इंग्रजी शुद्ध आहे म्हणजे मेसेज खरा, असा हिशेब करू नये. फसवणुकीचे मेसेज आता बिनचूक इंग्रजीतही येतात.

रीत सांगतानाही पॅसिव्हच शोभतो. गुढीला रेशमी वस्त्र नेसवले जाते, कडुलिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी बांधली जाते, तांब्याचा लोटा पालथा घातला जातो : ‘अ सिल्क क्लॉथ इज ड्रेप्ड, अ नीम ट्विग इज टाइड, अ कॉपर पॉट इज प्लेस्ड अपसाइड डाउन.’ करणारे घरोघर वेगळे, रीत एक, म्हणून ‘बाय’ नको. गुढी उभारणे म्हणजे ‘रेज’. ‘राइज’ आपोआप वर येण्याला, सूर्यासारखे. ‘वी राइज द गुढी’ फार दिसते. याउलट ‘द काशी विश्वनाथ टेंपल वॉज रिबिल्ट बाय अहिल्याबाई इन १७८०’ या वाक्यातला ‘बाय अहिल्याबाई’ काढला तर इंदूरकरांच्या दृष्टीने त्यात उरले काय? कर्ता महत्त्वाचा असेल तर तो ‘बाय’ लावून ठेवायचा. आपल्या ‘ने’चे मात्र दोन भाग पडतात : आजीने दिवा लावला तर ‘बाय आजी’, काडीने लावला तर ‘विथ अ मॅचस्टिक’.

‘यूज्ड टु’ आणि पूर्ण वर्तमानकाळ शिकवायला इंदूरला अनंत चतुर्दशीच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, आहेत. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी तिच्या नावाची झांकी निघत राहिली. यातून तीन वाक्ये होतात. ‘द मिल यूज्ड टु एम्प्लॉय थाउजंड्स’ : पूर्वी होते, आता नाही. ‘द मिल क्लोज्ड इन १९९१’ : साल दिले, म्हणून साधा भूतकाळ, ‘हॅज क्लोज्ड’ नाही. ‘द वर्कर्स हॅव केप्ट द झांकी अलाइव्ह’ : तेव्हापासून आजवर. नकारात ‘डिडन्ट यूज टु’, ‘डी’ गळतो. आणि ‘आय अ‍ॅम यूज्ड टु द नॉइज’ म्हणजे मला गोंगाटाची सवय आहे, तो वेगळाच प्राणी.

उपपदे, म्हणजे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’, मराठीत नाहीतच, त्यामुळे मुले ‘द’ मिठासारखा अंदाजाने टाकतात. सणाच्या नावाला उपपद नाही, ‘दिवाली’. पुढे ‘फेस्टिव्हल’ आला की ‘द गणेश फेस्टिव्हल’. शहराला नाही, नदीला आहे : ‘इंदोर’, पण ‘द नर्मदा’. इंदूरच्या नळाला मात्र येते ते ‘नर्मदा वॉटर’. तिथे नदीचे नाव पाण्याचे विशेषण झाले आणि ‘द’ गेला. पहिल्यांदा सांगितलेली मूर्ती ‘अ‍ॅन आयडल’, तीच पुन्हा आली की ‘द आयडल’. एवढे जमले तर निम्मे काम झाले. उरलेले अर्धे वाचनानेच येते, नियमाने नाही.

थोडक्यात सांगण्याच्या काही गोष्टी. वाण देताना ‘एकेक’ म्हणजे ‘वन ईच’, ‘वन वन’ नाही. ‘गरम गरम जिलबी’ म्हणजे ‘पायपिंग हॉट’, ‘हॉट हॉट’ नाही. भाऊबीजेला ‘कझिन ब्रदर’ नको, नुसता ‘कझिन’. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे, इज कमिंग’मधले दोन स्वल्पविराम काढले तर वाचणाऱ्याला वाटते की मला आणखीही भाऊ आहेत. आणि ‘आपण गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघायला जाऊ’ व ‘आम्ही गेर बघायला जाऊ’ या दोन्हींचे इंग्रजी ‘वी’च होते. मराठीत बोलावणे कोणाला आहे हे सर्वनामच सांगते. इंग्रजीत ‘ऑल ऑफ अस’ किंवा ‘यू कॅन कम टू’ जोडावे लागते. हिंदीच्या ‘हम’ने इंदुरात हा भेद मराठीतूनही पुसट केला आहे, तेवढ्यासाठी तरी तो मुलांना दाखवावा.

यंत्राची मदत घेताना क्रम पाळावा. आधी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ऑटो-करेक्शन बंद करावे, नाहीतर चूक मुलाच्या नजरेस पडण्याआधीच दुरुस्त होते. मुलाने पाच वाक्ये हाताने लिहावीत, मग ती बोलून टाइप करावीत आणि दोन्ही ताडून पाहावीत. ‘राइस फ्लावर’ म्हटल्यावर फोन कधी पिठी लिहील, कधी फूल. दोन्हींचा उच्चार सारखा आणि दोन्ही स्पेलिंगे बरोबर, म्हणून लाल रेघ येणार नाही. भाषांतराच्या अ‍ॅपला कर्ता गाळलेली मराठी वाक्ये देऊ नयेत. ‘बाजारातून आले’ यात मी आले, ते आले की भाजीतले आले, हे यंत्राने कसे ठरवावे? चॅटबॉटला ‘करेक्ट धिस’ म्हटले की तो सगळे वाक्यच नवे करून देतो आणि मूल ते उतरवून मोकळे होते. त्याऐवजी ‘चूक कुठल्या शब्दात आहे तेवढे सांग, दुरुस्त करू नकोस’ असे सांगावे. तो सांगेल तो नियम पुस्तकात पडताळावा, कारण चुकीचा नियमही तो तितक्याच ठामपणे सांगू शकतो.

दिवसाला पंधरा मिनिटे आणि एकच सांधा पुरे. सोमवारी ‘ला’, मंगळवारी ‘पर्यंत’ असे केले तर दिवाळीच्या सुट्टीत बरेच सांधे होतात.

आपल्या दैनिकाला एक विनंती. विद्यार्थ्यांच्या पानावर आठवड्याला एक चौकट द्यावी. तीत एक मराठी वाक्य, सणाचे किंवा मोबाइलवरचे. त्याचे नेहमी चुकणारे इंग्रजी. लगेच खाली बरोबर इंग्रजी. आणि चूक मराठीच्या कुठल्या प्रत्ययातून आली ते दोन ओळींत. चुकीचे वाक्य फुलीशिवाय छापू नये आणि उत्तर पुढच्या अंकावर ढकलू नये, कारण आठवडाभर डोळ्यांसमोर राहिलेली चूकच पाठ होते. पहिल्या चौकटीसाठी वाक्य सुचवतो : ‘वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज संध्याकाळी सहाला अंगणात पणत्या लावतात.’

आपले,
इंग्रजी शिकवणारे काही मराठी शिक्षक,
राजेंद्रनगर, इंदूर